थोरल्या घरची पानं

अण्णांसमोर कुणी आपलं नाव सांगितलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "वर कोण?"

वर म्हणजे बाप. बापाचं नाव सांगितलं की, "त्याच्या वर?" आजोबापर्यंत बहुतेक जण टिकायचे. पणजोबाशी येऊन माणूस घसा खाकरायला लागायचा, आणि अण्णा गादीवरून त्याच्याकडे असे बघायचे, जणू तो घरून चप्पल नाही तर पायच विसरून आलाय.

"चार माणसं वर ठाऊक नाहीत आणि पहार घ्यायला आलाय," ते पुटपुटायचे. पहार मात्र द्यायचे, आणि चांगली निवडून द्यायचे.

हुबळीच्या दुर्गदबैलात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. कुदळी, पहारी, फावडी, घमेली. नात्यानं ते माझ्या वडिलांचे चुलत चुलत भाऊ, पण सगळ्या बाजाराचे अण्णाच. गिऱ्हाइकाला ते त्याच्या आज्याच्या नावानं हाक मारायचे. "ये रे, निंगप्पाचा नातू." त्या नातवाला स्वतःचं नाव आहे, दोन पोरं आहेत, याचा अण्णांशी संबंध नव्हता. एकदा बँकेत खात्याच्या कामाला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं वडिलांचं नाव विचारलं. अण्णांनी सांगितलं, आणि ती पुढच्या रकान्याकडे वळली तसे ते बिथरले.

"एवढंच? त्यांच्या वडिलांचं कोण विचारणार?"

"सर, इथं जागा एकाचीच आहे."

घरी येईपर्यंत धुमसत होते. "जागा एकाचीच म्हणे. बघितलास?"

गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला बसायचा. त्याच्या इस्त्रीतला निखारा विझून खाली पडला की अण्णा वाकून तो उचलायचे आणि परत त्याच्या पाटीत टाकायचे. "वाया घालवू नको. कुणीतरी खाली उतरून आणलाय तो." इस्त्रीवाला म्हणायचा, "अण्णा, हा लाकडाचा कोळसा. खाणीतला नव्हे." अण्णा म्हणायचे, "असू दे. रंग तोच आहे."

भाऊकीत त्यांच्या अशा गोष्टी निघाल्या की सगळे हसतात. मी चहाचं बघतो म्हणून उठतो. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यांनी माझ्या शब्दावर पुरं केलं, आणि तो शब्द खोटा होता. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं सुगी संपली की हेळव येतो. ठरलेल्या घरांचे वंश पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवायचे आणि दारात येऊन म्हणून दाखवायचे, हा त्यांचा धंदा. आमच्या हेळवाचा बाप बैलावर बसून यायचा आणि वंश म्हणून होईपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही. हा जुन्या स्कूटरवर येतो, पण उतरत हाही नाही. स्कूटर स्टँडला लावतो, सीटवरच मांडी घालतो आणि डोळे मिटून सुरू करतो. काकी म्हणजे अण्णांची बायको एकदा म्हणाली, "अरे पडशील. कट्ट्यावर बस की." तो म्हणाला, "अक्का, पाय टेकला की शब्द मातीत जातो."

मूळ पुरुषापासून तो धडाधड खाली येई. मग तीन भाऊ यायचे, आणि पहिल्याशीच त्याची गाडी अडायची.

"सुबाना थोरला. आगगाडीच्या रुळाला माती टाकायला गेला. तिथनं टोळीबरोबर निजामाच्या मुलखात गेला, कोळशाच्या खाणीत उतरला. मुंद गोत्तिल्ल."

पुढचं ठाऊक नाही. मग दुसऱ्या भावाचा वंश, तो आमचा. मग तिसऱ्याचा, तो अण्णांचा. आमच्या घरात सुबानाबद्दल "थोरला कोळशात गेला" एवढंच बोललं जायचं. मीठ पाण्यात गेलं म्हणावं, तसं. शंभरावर वर्षं झाली होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. अण्णांचं अडायचं. हेळव "गोत्तिल्ल" म्हणाला की त्यांचा चेहरा दुखणाईतासारखा व्हायचा. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःख त्यांनी कधी दाखवलं नाही. सुबानाचं मात्र दाखवायचे.

"मेलेला माणूस घरातच असतो," ते म्हणायचे. "हरवलेला नसतो."

आता खांद्याचं सांगायला हवं. धारवाडच्या पलीकडं आमचं मूळ गाव आहे. तिथं जत्रेला देवीची पालखी निघते. तिचा पुढचा उजवा खांदा आमच्या भाऊकीतल्या थोरल्या घराचा. थोरला गेल्यामुळं तो दुसऱ्या घराकडं, म्हणजे आमच्याकडं आला. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आयुष्यभर कारकुनी केली आणि वर्षातून एकदा तो खांदा दिला. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेल्यावरसुद्धा आम्ही त्यांना रिक्षातून नेऊन, दोन्हीकडून धरून दांडीखाली उभं करायचो. भार बाकीचे घ्यायचे. खांदा अप्पांचा.

अण्णा एका वर्षी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी सुबानाचं घर शोधायला निघालोय. माणसं सापडली तर खांदा त्यांचा. थोरला तो थोरला."

मला तेलुगू येतं, माझी पहिली नोकरी सिकंदराबादेत झालेली, म्हणून अण्णांनी मला बरोबर घ्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं जड झालं होतं, तोंडाची एक बाजू हलत नव्हती.

"जा त्याच्याबरोबर. तो पडणार नाही असं बघ." मग शब्द जुळवत, "मी आहे तोवर खांदा आपल्याकडं राहू दे."

त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

वरंगळच्या पुढं कोळशाच्या खाणींचं एक गाव आहे, तिथं आम्ही उतरलो. अण्णांची शोधायची तऱ्हा त्यांचीच होती. कागदपत्रं, कचेऱ्या, यांच्याकडं ते फिरकले नाहीत. चहाच्या टपरीवर बसायचं आणि म्हाताऱ्या माणसांना माझ्यामार्फत विचारायचं, "तुमच्यात लग्नाला कुठल्या झाडाची डहाळी बांधतात? कुठलं लाकूड चुलीत घालत नाहीत?" आमचं देवक कळंब. आम्ही कळंब तोडत नाही, जाळत नाही, लग्नात त्याची डहाळी मांडवाला बांधतो. "माणूस भाषा विसरतो, नाव बदलतो," अण्णा म्हणायचे, "पण बायका चुलीत काय घालायचं नाही ते विसरत नाहीत."

लोकांना आम्ही जंगल खात्याचे वाटलो. एकानं तर आपल्या घरी चोरीचं सागवान नाही म्हणून शपथ घेतली. शेवटी खाणीतल्या एका निवृत्त माणसानं सांगितलं की जुन्या वसाहतीत एक घर आहे, त्यांची म्हातारी कळंबाच्या लाकडावरून सगळ्या गल्लीशी भांडते.

त्याच सकाळी अण्णांना ऊन बाधलं. अंगात ताप, उलट्या. लॉजवर त्यांना झोपवून मी एकटा गेलो.

दोन खोल्यांचं घर होतं. म्हातारीचं नाव लच्चम्मा. मुलगा कोमरय्या, तोही खाणीत, रात्रपाळी करून आलेला आणि दारातल्या बाजेवर झोपलेला. मी कोण म्हणून तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, घरांची मोजणी चाललीय. का म्हणालो ते तेव्हा मलाही कळलं नाही. तिनं मला ताक दिलं. मी एक विचारलं की ती दहा सांगायची.

"नवऱ्याचा आजा पश्चिमेकडून आला. सुबन्ना. गावाचं नाव सासऱ्याला माहीत होतं, तो गेला आणि नाव गेलं. धारवाड, एवढं मी ऐकलंय. आम्ही कडिमीचं लाकूड जाळत नाही." कडिमी म्हणजे कळंब. "ज्वारीच्या रोटीला सगळी गल्ली रोट्टे म्हणते, आम्ही भाकर म्हणतो. सासरा सांगायचा, आपली माणसं कधीतरी विचारत येतील. तुमच्या मोजणीत धारवाड येतं का?"

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात शाळेचं दप्तर घेऊन एक मुलगी आली, धुळीनं माखलेली. कोमरय्याची मुलगी, सुजाता. आल्या आल्या तिनं आजीकडं सायकलचं टुमणं लावलं, शाळा लांब आहे म्हणून. म्हातारी तिला ओरडली आणि माझ्याकडं बघून हसली. मी उठलो.

लॉजपर्यंत चालताना मी ठरवलं होतं, आपले नव्हेत असं सांगायचं. तेवढं पुरे होतं. अप्पा आहेत तोवर. मग नंतर कधीतरी बघता येईल.

अण्णा डोक्यावर ओला पंचा घेऊन पडले होते. मी आत पाय टाकला तसे उठून बसले.

"घर मिळालं?"

"मिळालं."

"आपलंच?"

त्यांच्याकडं बघून माझ्या तोंडून निघून गेलं. "आपलंच."

त्यांनी हात जोडले. कुणाला ते कळलं नाही. "किती जण आहेत?"

आता मागं फिरायला वाट नव्हती. म्हणजे होती. मला दिसली नाही, किंवा मी बघितली नाही.

"आता कुणी नाही, अण्णा. घर बंद आहे. साथ आली होती म्हणतात."

त्यांनी डोक्यावरचा पंचा काढून ठेवला. मग म्हणाले, "नावं सांग."

"कशाला आता?"

"नावाशिवाय घास कुणाला ठेवू?"

खोटी नावं सुचायलाही डोकं ताळ्यावर असावं लागतं. माझ्या जिभेवर खरीच होती. सुबाना, त्याचा मुलगा, त्याचा नातू, हे गेलेलेच होते. त्यांच्यामागं मी बाकीची जोडली. लच्चम्मा. कोमरय्या. सुजाता.

"ही शेवटची कोण?"

"कोमरय्याची मुलगी. शाळेत जायची."

"जायची," अण्णा म्हणाले. मग भिंतीला धरून उभे राहिले. "चल. अंघोळ करायला पायजे. सुतक आलं."

"अंगात ताप आहे तुमच्या."

"माझ्या अंगात आहे. त्यांच्या नाही ना आता."

त्यांनी बादलीभर गार पाणी कपड्यांसकट डोक्यावर घेतलं आणि मलाही घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी खाणीच्या फाटकासमोरच्या न्हाव्याकडं बसून मिशी उतरवली. दुर्गदबैलात ती मिशी प्रसिद्ध होती. आम्ही परत आलो तेव्हा अख्खा बाजार विचारत होता, अण्णा, कोण गेलं? अण्णा सांगायचे, "आमचं थोरलं घर." त्या सालच्या सुगीला हेळव आला. अण्णांनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं स्कूटरवर बसूनच डोळे मिटले, ओठ हलवून शब्द बसवून घेतले, आणि मग पहिल्यांदा न अडता म्हणाला. सुबानाचा वंश खाणीच्या गावी बुडाला. दुसऱ्याचा वंश पुढं.

अप्पा माझ्याकडं बघत होते. मी खाली बघत होतो.

अप्पा त्यानंतर दोन जत्रा जगले.

तोवर दुसरंच काही सुरू झालं होतं. आमच्यात पितृपंधरवड्यात म्हाळ घालतात. गेलेल्यांच्या नावानं केळीची पानं मांडायची, भात, कढी, वडे, खीर वाढायची, घास गच्चीवर कावळ्याला ठेवायचे. इतर घरांत सगळ्या पितरांना मिळून एक-दोन पानं असतात. अण्णांनी प्रत्येकाला वेगळं पान मांडायला सुरुवात केली. ते स्वतः वाढायचे आणि पाहुण्याला आग्रह करावा तसं बोलायचे. "सुबाना, खीर घे. लच्चू वहिनी, लाजू नका. कोमरय्या, ये बाबा, रात्रपाळी करून दमला असशील." रात्रपाळीचं मीच कधी तरी बोलून गेलो होतो. सुजाताच्या पानात ते तिखट वाढू द्यायचे नाहीत. काकी म्हणायची, "अहो, वडा तरी वाढा," तर म्हणायचे, "लहान आहे."

मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभा असायचो. जिवंत माणसांची नावं मेलेल्यांच्या रांगेत ऐकायचो. त्या पंधरवड्यात मला झोप लागायची नाही. आपण इथून घास टाकतो आणि तिकडं कोमरय्याच्या अंगावर दगड येतो, असं काही नसतं, हे मला कळत होतं. तरी खाणीत अपघात झाल्याची बातमी पेपरात दिसली की मी त्यातली नावं बोट ठेवून वाचायचो.

अप्पा गेल्यावर सांगायला हवं होतं. पण खांदा माझ्याकडं आला. पहिल्या जत्रेत दांडी खांद्यावर टेकली, लोकांनी गुलाल टाकला, आणि मला ते आवडलं. इथं काही झाकून उपयोग नाही. मला ते फार आवडलं.

आणि मग तो म्हाळ आला, ज्यात कावळा शिवेना.

गच्चीवर सगळे घास मांडले होते. कावळे आले, सगळ्यांचे घास उचलले. सुजाताचा राहिला. एक कावळा त्याच्यापाशी आला, बघितलं, उडून गेला. अण्णा कठड्याशी बसून होते. त्यांना साखरेचा आजार, सकाळीच इन्सुलिन घेतलेलं, आणि घास शिवल्याशिवाय ते जेवत नसत.

काकी खालून दोनदा हाक मारून वर आली. "अहो, जेवा. उशीर झाला. सुई घेतलीय तुम्ही."

"पोरीचं काहीतरी राहिलंय."

"गाईला घालू. चालतंय ते."

"नाही चालत." त्यांनी हात जोडले. "सुजाता, तुला पैंजण करतो." कावळा हलला नाही. "नवं लुगडं देवीला नेसवतो तुझ्या नावानं."

माझा धाकटा चुलत भाऊ, धारवाडला वकील आहे, तोही वर आला. त्यानं थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. "अण्णा, हल्ली कावळेच उरले नाहीत हुबळीत. टॉवरनं मारले सगळे."

"बाकीचे घास मग कुणी नेले? तू?"

ऊन वर चढत होतं. अण्णांच्या कपाळावर घाम आला, तो उन्हाचा नव्हता. हात कापायला लागले. काकीनं साखरेची चिमूट त्यांच्या तोंडाशी नेली, त्यांनी ती बाजूला सारली. माझ्याकडं वळले.

"तू गेला होतास तिथं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काही सांगितलं असेल. तिला काय हवं होतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. एक वाक्य होतं. ती जिवंत आहे. तीन शब्द. अप्पा नव्हते, कुणाचा शब्द आता मला बांधत नव्हता. अण्णांची बोटं कठड्यावर थरथरत होती, ओठ पांढरे पडत होते, आणि मी ते तीन शब्द तोंडात धरून उभा होतो.

"सायकल," मी म्हणालो. "सायकल हवी होती म्हणत होते. शाळा लांब होती."

अण्णा कठड्याला धरून उठले. "सायकल ना? घेतो. आजच घेतो, बाळ. ये."

आणि कावळा आला. त्यानं घास उचलला आणि उडून गेला. काकी रडायला लागली. वकील भावानं सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. अण्णांनी साखर खाल्ली, मग जेवले. मीही जेवलो. मला भूक लागली होती, हेसुद्धा खरं आहे.

संध्याकाळी त्यांनी लाल सायकल आणली. एका गिऱ्हाइकाच्या नातीला द्यायची ठरवली. देण्याआधी तिला समोर उभं करून "वर कोण?" विचारलं. ती न चुकता पाच नावं म्हणाली. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी घंटीही नवी बसवून दिली.

अण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले. आजार काही मोठा नव्हता, झोपेत गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो, तेव्हा म्हणाले, "थोरल्या घरची पानं आता तू मांडायची. मला मूल नाही. तुझी नजर ते घर बघून आलीय." मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही, आणि मी तो सोडवून घेतला नाही. एवढंच.

त्यानंतरच्या पितृपंधरवड्यात मी पानं मांडायला बसलो. सुबानाचं मांडलं, त्याच्या मुलाचं, नातवाचं. अण्णांचं मांडलं. मग हात थांबला. काकी वाढायला पातेलं घेऊन उभी होती.

"पुढची?" ती म्हणाली.

"पुढची नाहीत, काकी. ती माणसं मेलेली नाहीत."

भाऊकी जमलेली होती. मी सगळं सांगितलं, खाणीच्या गावापासून गच्चीपर्यंत. काकीनं पातेलं खाली ठेवलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "पोरीला तिखट नको म्हणून मी वेगळी भाजी करत होते," आणि आत गेली.

वकील भाऊ दारापर्यंत माझ्यामागं आला. "हे आज सांगायची काय गरज होती? त्यांनी मिशी उतरवली, सुतक पाळलं. आता सगळ्या बाजारात त्यांना वेडा ठरवणार तू?"

"वेडा मी ठरेन."

"तू ठरणार नाहीस. तू प्रामाणिक ठरशील. वेडे तेच ठरतील."

तो वकील आहे, त्याला कुठं बोट ठेवायचं ते कळतं. हेळवाला मी फोन केला. तो म्हणाला, "अण्णांच्या शब्दानं वंश बुडाला. तो तुमच्या शब्दानं वर येत नाही. त्या घरचं माणूस दारात येऊन उभं राहिलं तरच मी म्हणेन."

म्हणून मी पुन्हा त्या गावी गेलो. घर तेच होतं. कोमरय्या नोकरीतून सुटला होता, दारात खुर्ची टाकून बसला होता, श्वास घेताना छाती वाजत होती. मी कोण ते सांगितलं, मागच्या खेपेला काय केलं तेही सांगितलं. तेलुगूत माफी मागायचा शब्द मला येत होता, तो वापरला. तो ऐकून घेत राहिला.

"माझं पान होतं?" त्यानं विचारलं.

"होतं."

"पोरीचंही?"

"हो."

"आई गेली," तो म्हणाला. "तुम्ही येऊन गेल्यावर काही वर्षांनी."

म्हणजे तिचं पान कधीपासून खरं झालं, ते आम्हाला कळलंच नव्हतं.

"शेवटपर्यंत म्हणायची, तो मोजणीवाला ताकाचं भांडं दोन्ही हातांनी धरून बसला होता. सासरा तसंच धरायचा. मी तिला म्हणायचो, तुला सगळीकडं आपली माणसं दिसतात."

मी म्हणालो, जत्रेला या. पालखीचा पुढचा उजवा खांदा तुमचा आहे. हेळव दारात तुमचं नाव म्हणेल.

तो खोकला, मग म्हणाला, "पोरगी हैदराबादला नोकरी करते. तिला विचारतो. आपल्याला मेलेली समजून जेवू घालणाऱ्यांच्या गावात यायचं का, ते तिनं ठरवू दे." मग आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं. जोरात लावलं नाही.

परवा जत्रा झाली. त्यांच्याकडून निरोप नाही. पालखी सजली, पुजाऱ्यानं हाक दिली, तीन खांदे जागेवर आले. पुढचा उजवा रिकामा. सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

"उचल की," वकील भाऊ दातांतून म्हणाला. "तमाशा करू नको."

"माझी जागा नाही ती."

"मग कुणाची? कुठाय तो?"

"घरी आहे. पोरीला विचारतोय."

"मी घेतो मग," तो म्हणाला आणि एक पाऊल पुढं आला. पण दांडीपाशी आल्यावर त्यालाही हात घालवेना. पुजारी म्हणाला, वेळ टळतेय. मागून कुणीतरी शिवी हासडली. बायकांच्या घोळक्यातून काकीचा आवाज आला, मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"त्याला सोडा. पालखी चालू द्या."

तिघांनीच उचलली. उजव्या अंगाला कलली, मागच्या माणसानं मान वाकडी करून भार घेतला. दर थोड्या अंतरावर थांबून ते दम खात होते. लोक विचारत होते, एक माणूस कमी कसा. मी त्या रिकाम्या जागेच्या बाजूनं चालत होतो, दांडीला हात न लावता.